चियांग मायची स्वस्ताई कोणाच्या जिवावर?

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीनंतर थायलंडमध्ये राहायचे असेल, तर तिथल्या बँकेत 8 लाख बाट ठेवावे लागतात, नाहीतर महिन्याला 65 हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. 2025च्या सुरुवातीला उत्तर थायलंडमधल्या चियांग माय शहराच्या मुख्य तालुक्यासाठी किमान मजुरी ठरली दिवसाला 380 बाट. महिन्यातले 26 दिवस राबणाऱ्या मजुराच्या हाती तिथे दहा हजार बाटही पडत नाहीत. सरकार निवृत्त परदेशी माणसाकडून जी किमान मिळकत मागते, ती या मजुराच्या कमाईच्या साडेसहा पट आहे. चियांग माय स्वस्त आहे, असे जगभरचे लोक म्हणतात तेव्हा ते या अंतराविषयीच बोलत असतात. तिथल्या मजुराला ते शहर स्वस्त वाटत नाही.

गेल्या तीस वर्षांत या शहरात अमेरिकन आणि ब्रिटिश पेन्शनर आले, जपानी निवृत्त जोडपी आली, आणि मग लॅपटॉपवर काम करणारी तरुण मंडळी आली. निम्मानहेमिन रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये कॉफीची दुकाने आणि बसून काम करायच्या जागा उभ्या राहिल्या. न्यूयॉर्क किंवा तोक्योत खोलीभर जागेचे जे भाडे पडते, त्यात इथे भाडे, जेवण, दुचाकी आणि दवाखाना भागतो. यात गैर काही नाही. आपल्या पेन्शनीत मानाने राहता यावे म्हणून माणूस देश सोडतो, ही समजण्यासारखी गोष्ट आहे. पण ही स्वस्ताई हवापाण्यासारखी निसर्गतः मिळालेली आहे, असे जे गृहीत धरले जाते ते खरे नाही. ती घडवलेली आहे, आणि घडवणारे कागद बहुतेक वेळा चियांग मायच्या बाहेर सह्या झालेले आहेत. दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर हे स्पष्ट दिसते.

शहर जुने आहे. 1296 साली राजा मंगरायने पिंग नदीच्या काठी ते वसवले आणि लान्ना राज्याची राजधानी केली. दर बाजूला साधारण दीड किलोमीटर भरेल असा खंदकाचा चौकोन आजही शहराच्या मधोमध आहे. 1558मध्ये ते ब्रह्मी राजांच्या हाती गेले आणि दोन शतकांहून अधिक काळ त्यांच्या अमलाखाली राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या लढायांनी ते इतके उजाड झाले की काही वर्षे तिथे वस्तीच उरली नाही. काविला या सरदाराने सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, मदतीने ब्रह्मी सैन्याला हुसकावले आणि 1796मध्ये, स्थापनेला बरोबर पाचशे वर्षे होत असताना, शहर पुन्हा उभे केले. पण माणसे कुठून आणायची? उत्तरेकडच्या शान मुलुखातून, केंगतुंगमधून, आजच्या युन्नानमधल्या सिपसोंगपन्नातून गावेच्या गावे उचलून आणली गेली. टोपलीत भाजी भरावी तशी शहरात माणसे भरली, असे तिथले लोक त्या काळाविषयी अजून सांगतात. वुआलाय भागातले चांदीचे कारागीर सालविन नदीच्या खोऱ्यातून असेच आणलेले. आज ज्यांना आपण मूळचे चियांग मायकर म्हणतो, त्यांतल्या अनेकांचे पणजोबा-खापरपणजोबा स्वखुशीने आलेले नव्हते.

पाश्चात्त्य व्यापारी आले ते सागवानासाठी. जहाजांना आणि रेल्वेला सागवान लागत होते, ब्रह्मदेशातल्या मोलमीन बंदराच्या आसपासची जंगले तोडून होत आली होती आणि सालविन ओलांडली की लान्नाची जंगले सुरू होत. आधी मोलमीनहून ब्रह्मी आणि शान ठेकेदार आले. ते ब्रिटिश प्रजाजन होते. चियांग मायचे सरदार एकच जंगल कधी दोन-दोन, तीन-तीन जणांना मक्त्याने देत, त्यावरून मारामाऱ्या आणि खटले होत. 1855च्या बाउरिंग कराराने सयाममध्ये ब्रिटिश प्रजेवर सयामी न्यायालयाचा अधिकार चालत नव्हताच. आता उत्तरेसाठी वेगळा करार झाला, 1874मध्ये. नाव चियांग मायचे, पण सह्या झाल्या कलकत्त्यात. 1883मध्ये दुसरा करार, आणि त्यापाठोपाठ चियांग मायला ब्रिटिश उपवकील (व्हाइस कॉन्सल) येऊन बसला. जंगल ज्यांचे होते त्यांना या वाटाघाटींत जवळजवळ जागाच नव्हती.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. ओले सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून आधी झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडे कापून ते उभेच वाळू देत. दोनेक वर्षांनी ते पाडायचे, हत्तींनी ओढत ओढ्यापर्यंत न्यायचे आणि पावसाची वाट बघायची. पूर आला की ओंडके पिंग नदीत, तिथून तराफे बांधून खाली चाओ फ्रायात आणि मग बँकॉकच्या वखारींत. पाऊस कमी झाला की ओंडके वर्षभर वाळूत अडकून पडत. एका झाडाला जंगलातून बंदरापर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागत. एवढी वर्षे भांडवल अडकवून ठेवणे स्थानिक माणसाला शक्य नव्हते, मोठ्या कंपन्यांना होते. माहूत बरेचसे कारेन, आणि लाकूडतोडे लाओसच्या डोंगरांतून आलेले खमू. तेव्हासुद्धा कष्टाचे काम करणारी माणसे सीमेपलीकडून स्वस्तात आणली जात होती, ही गोष्ट विसरू नये.

त्या कंपन्यांतली एक आपल्या मुंबईची होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1863मध्ये मुंबईत वॉलेस या स्कॉटिश बंधूंनी स्थापन केली. आज ती वाडिया समूहात आहे आणि ब्रिटानिया बिस्किटांच्या कंपनीतली मोठी हिस्सेदारी तिच्याकडून येते. ब्रह्मदेशात तिने जेवढी झाडे तोडली त्यापेक्षा कमी झाडांची रॉयल्टी भरली, असा मंडालेच्या ब्रह्मी दरबाराचा आरोप होता. 1885मध्ये दरबाराने तिला सुमारे 23 लाख रुपये दंड केला. हा दंड ब्रिटिशांना युद्धाचे निमित्त म्हणून पुरला. युद्ध सुरू झाल्यावर महिन्याभरात मंडाले पडले आणि थिबा राजा, राणी आणि मुलींना बोटीत बसवून नेले ते मद्रासला आणि पुढे 1886मध्ये रत्नागिरीला.

रत्नागिरीच का? बंदर लहान, रेल्वे नाही, मंडालेपासून दूर, आणि बंदिवान राजाचा खर्च कमी ठेवता येईल असे ते गाव. ब्रिटिश सरकारने हाच हिशेब केला. तिथे तो तीस वर्षे राहिला, आधी भाड्याच्या बंगल्यांत, शेवटी 1910मध्ये बांधून झालेल्या राजवाड्यात. तनखा पुरत नसे आणि वारंवार अर्ज करावे लागत. 1916च्या डिसेंबरात तो तिथेच वारला. 1919मध्ये कुटुंब परत गेले, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि तिची मुलगी रत्नागिरीकरच झाली, कोकणातल्या गरीब बाईसारखे आयुष्य जगली. एकाच सागवानी व्यापाराने एका बाजूला ब्रिटिश मॅनेजरांना चियांग मायच्या नदीकाठी सागवानी बंगले दिले आणि दुसऱ्या बाजूला एका राजाला कोकणातल्या आडगावी आणून टाकले. दोघेही परक्या, स्वस्त आणि मागास गावात राहत होते. एकाला उपवकिलाचे संरक्षण होते, दुसऱ्याच्या दारावर पहारा होता. परक्या मुलुखातले आयुष्य सुखाचे होईल की नाही, हे त्या मुलुखाच्या स्वस्ताईपेक्षा माणसाच्या हातातल्या कागदावर जास्त अवलंबून असते. थिबा पॅलेस बघायला गेलेल्या मराठी माणसाने ही चियांग मायची बाजूही मनात ठेवावी असे मला वाटते.

सागवानवाल्यांनी चियांग मायमध्ये मागे काय ठेवले? 1898चा जिमखाना क्लब आहे. त्याच वर्षी सयामचा राजा चुलालाँगकॉर्नने परदेशीयांसाठी दिलेली दफनभूमी आहे, जिथे आता ब्रिटिश वकिलातीतला व्हिक्टोरिया राणीचा पुतळा उभा आहे. बोर्निओ कंपनीचा सागवानी बंगला आता महागडे हॉटेल आहे. शहराच्या सामान्य माणसाला वापरता येईल असे फारसे काही नाही. जंगल गेले ते गेलेच.

दुसरे परदेशी सागवानवाल्यांच्या आधी आले होते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी डॅनियल मॅकगिल्वरी 1867मध्ये बायकामुलांसह नदीमार्गे चियांग मायला पोचला. 1869मध्ये त्याच्या पहिल्या धर्मांतरितांपैकी दोघांना तिथल्या राजाने ठार मारवले. 1878मध्ये धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. धर्मांतराच्या कामाविषयी कोणाचे काहीही मत असो, आणि माझे ते फारसे अनुकूल नाही, या लोकांनी देवीची लस आणली, क्विनाइन आणले, मुलींची शाळा काढली. लान्नाच्या राजकन्येचे आणि चुलालाँगकॉर्नच्या राणीचे, दारा रश्मीचे, नाव त्या शाळेला पुढे मिळाले. मॅककॉर्मिक रुग्णालय त्यांचे. डॉ. जेम्स मॅककीनने 1908मध्ये पिंग नदीतल्या एका बेटावर कुष्ठरोग्यांची वसाहत सुरू केली. त्या काळात महारोग्यांना गावाबाहेर हाकलत. तिथे त्यांना झोपडी, शेत आणि औषध मिळाले. हे लोक भाषा शिकले, लान्ना लिपीतली पुस्तके छापली, कित्येक तिथेच मातीत गेले.

पण मिशनरी चांगले आणि व्यापारी वाईट अशी सोपी विभागणी टिकत नाही. डॉ. मॅरियन चीक मिशनचा डॉक्टर म्हणून आला, काही वर्षांनी मिशन सोडून सागवानाच्या धंद्यात पडला, सयाम सरकारकडून मोठे कर्ज घेतले आणि ते फिटेना तेव्हा वाद घातला. 1895मध्ये तो वारला, पण त्याचा दावा अमेरिकी सरकारने पुढे चालवला आणि 1898मध्ये लवादाचा निकाल सयाम सरकारच्या विरोधात गेला. मागे मोठे राष्ट्र उभे असेल तर बुडालेल्या धंद्याचीही वसुली होते. चियांग मायच्या त्या काळच्या शेतकऱ्याच्या मागे कोण होते? 1889मध्ये सुपारी आणि इतर झाडांवरच्या करांची वसुली मक्तेदारांकडे दिली गेली, तेव्हा फाया फाप नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याच्या मागे शेतकरी उठले. ते बंड मोडून काढण्यात आले.

परदेशी कंपन्यांच्या धाकाने बँकॉकलाही उत्तरेवर पकड घट्ट करायचे कारण मिळाले. 1896मध्ये शाही वनखाते स्थापन झाले. त्याचा पहिला प्रमुख हर्बर्ट स्लेड ब्रिटिश ब्रह्मदेशाच्या वनखात्यातून आणलेला होता. जंगलाचा मक्ता देण्याचा अधिकार चियांग मायच्या सरदारांकडून बँकॉककडे गेला. सरदारांना रॉयल्टीतला वाटा तेवढा उरला. 1921च्या सुमारास खुन तान डोंगरातला बोगदा ओलांडून रेल्वे आली आणि लान्नाचे जुने राज्य सयामच्या कारभारात विरून गेले.

आजची स्वस्ताई मात्र याहून अलीकडची आहे. तिची तारीख सांगता येते: 2 जुलै 1997. त्या दिवशी थायलंडने बाटचा डॉलरशी असलेला बांधील दर सोडला. तोवर डॉलरला 25 बाट मिळत. सहा महिन्यांत 50च्या वर मिळू लागले. बँका बुडाल्या, बांधकामे अर्धवट थांबली, कारखान्यांतून काढलेली माणसे उत्तरेच्या आणि ईशान्येच्या गावांकडे परतली. त्याच वेळी डॉलर, पौंड किंवा येनमध्ये पेन्शन घेणाऱ्याचे उत्पन्न एका रात्रीत वाढले. रिकाम्या सदनिकांना भाडेकरू मिळाले. 2000च्या मे महिन्यात आसियान देशांचे, चीनचे, जपानचे आणि दक्षिण कोरियाचे अर्थमंत्री एकमेकांच्या चलनाला आधार देण्याच्या योजनेसाठी जमले, तेही चियांग मायलाच. योजनेला शहराचे नाव मिळाले. पण चलन गडगडल्याने ज्याचे घर गेले त्याला त्यातून घर परत मिळाले नाही. परदेशी पाहुण्याला जे शहर परवडते झाले, ते थाई कुटुंबांच्या त्या नुकसानीवर. त्यात पाहुण्याचा दोष नाही, पण ते त्याला माहीत असले पाहिजे.

थायलंडने या पाहुण्यांना सरसकट मोकळीक दिलेली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतला परदेशी मालकीचा हिस्सा 49 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. ज्या देशाने अर्धे शतक परक्यांना आपल्याच भूमीवर आपल्या कायद्याबाहेर वावरताना पाहिले, तो असे नियम करतो यात नवल नाही. मला हे नियम योग्य वाटतात. जमीन विकता आली असती, तर डोई सुथेप डोंगराच्या पायथ्याशी आज चियांग मायच्या मास्तराला किंवा नर्सला घर घेता आले नसते. आताही ते अवघड होतेच आहे.

आणि याच शहरात परदेशी माणसांचा आणखी एक मोठा समुदाय राहतो, ज्याचे कौतुक कोणी करत नाही. म्यानमारच्या शान राज्यातून आलेले हजारो लोक चियांग मायची बांधकामे करतात, हॉटेलच्या खोल्या झाडतात, संत्र्यांच्या बागांत राबतात, म्हाताऱ्या परदेशीयांची शुश्रूषाही करतात. 1996नंतर म्यानमारच्या लष्कराने शान खेडी जबरदस्तीने उठवली तेव्हा ते डोंगर उतरून आले. 2021च्या लष्करी उठावानंतर आणि 2024मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाल्यावर पुन्हा आले. त्यांना निर्वासित म्हणून मान्यता नाही. मजूर म्हणून नोंदणी करावी लागते, तिची मुदत संपते, तिला पैसे लागतात, मधल्या काळात पोलिसांची भीती. भाषेने ते थाईंच्या जवळचे, धर्माने बौद्ध, आणि यांच्यातल्या अनेकांच्या नातलगांना दोनशे वर्षांपूर्वी काविलाने हेच शहर वसवायला आणले होते. तरीही 65 हजारांची मिळकत दाखवणारा आला की त्याला वर्षभराचा मुक्काम मिळतो आणि यांना मिळत नाही. डोंगरातल्या कितीतरी जमातींची तर देशात जन्मूनही नोंद नव्हती. 2024च्या ऑक्टोबरात थाई मंत्रिमंडळाने अशा सुमारे 4 लाख 83 हजार लोकांना कायम वास्तव्य किंवा नागरिकत्व लवकर देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय फार उशिरा आला, पण आला याचा आनंद आहे.

शहरावर कोणाचे किती प्रेम आहे, हे धुराच्या दिवसांत कळते. फेब्रुवारी ते एप्रिल शेतांतला पालापाचोळा आणि जंगलाचा पाला जळतो. जनावरांच्या खाद्यासाठी कंपन्यांना लागणारा मका डोंगरउतारांवर, आणि सीमेपलीकडे म्यानमार-लाओसमध्येही, पिकवला जातो, त्याचे धाट जळते. चियांग माय खोलगट खोऱ्यात असल्याने धूर तिथेच कोंडतो. जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या यादीत मार्चमध्ये त्याचे नाव वर असते. परवडणारे लोक तेवढे दोन महिने समुद्राकडे जातात. वीट वाहणारा शान मजूर आणि शाळेतले मूल कुठे जाणार? 2023मध्ये शहरातल्या नागरिकांनी आणि अभ्यासकांनी पंतप्रधानांविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात दावा लावला आणि 2024च्या जानेवारीत न्यायालयाने 90 दिवसांत तातडीची योजना करा असा आदेश सरकारला दिला. हे काम तिथल्या लोकांनी स्वतः केले. बरीच वर्षे राहिलेल्या परदेशीयांपैकी काहींनी हवेचे शुद्धीकरण करणारी यंत्रे शाळांना दिली, मास्क वाटले. अशा माणसांना मी त्या कुष्ठवसाहतीच्या डॉक्टरांच्या परंपरेत बसवीन. यंत्र विकत घेऊन स्वतःची खोली बंद करणाऱ्यांना नाही.

आता पुण्या-मुंबईची तरुण मुलेही या रांगेत आहेत. 2023च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांना व्हिसाविना प्रवेश खुला केला. जुलै 2024मध्ये कुठूनही काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा निघाला. त्यासाठी 5 लाख बाट शिल्लक दाखवावी लागते आणि एका खेपेला 180 दिवस राहता येते. त्यांनी जावे. पण करांचा प्रश्न टाळू नये. 1 जानेवारी 2024पासून वर्षात 180 दिवस किंवा अधिक राहणाऱ्याने परदेशात कमावून थायलंडमध्ये आणलेला पैसा करपात्र ठरला आहे. 179व्या दिवशी सीमा ओलांडून हा कर चुकवण्याच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या जातात. ज्या रस्त्यावर चालतो, ज्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सने आपल्याला सलाइन लावले, त्यांच्यासाठी कर न देणे मला गैर वाटते, मग कायद्यात पळवाट असो वा नसो.

मात्र हा कर दिला तरी तो चियांग मायला पोचतोच असे नाही. तो बँकॉकच्या तिजोरीत जातो, जशी 1896नंतर सागवानाची सूत्रे गेली. थायलंडमध्ये फक्त बँकॉकचा गव्हर्नर मतांनी निवडला जातो. चियांग मायचा गव्हर्नर गृहखाते नेमते आणि बदली करते. धुराचे नियोजन, पुराचे इशारे, डोंगरावरची बांधकामे, सगळ्याचा निर्णय त्याच्या कार्यालयातून होतो आणि लोकांना तो बदलता येत नाही. 2024च्या ऑक्टोबरात पिंग नदीला विक्रमी पूर येऊन रात्र बाजारापर्यंत पाणी शिरले तेव्हाही हेच दिसले. चियांग मायला आपला गव्हर्नर आपण निवडू द्या, ही मागणी तिथल्या नागरिकांनी गेल्या दशकात कायद्याचा मसुदा तयार करून मांडली होती. ती अजून मान्य झालेली नाही. परदेशी रहिवाशाला तिथे मत नाही आणि असूही नये. पण ज्यांना मत आहे त्यांना आपल्या शहराच्या पैशावर आणि हवेवर अधिकार मिळत नाही तोवर, परदेशी रहिवाशाकडून शहराला थेट मिळते ते दोनच ठिकाणी: तो देतो त्या घरभाड्यातून आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या माणसांच्या मजुरीतून. तिथे त्याने घासाघीस करू नये. भांडी घासणाऱ्या शान बाईला कायद्याने ठरलेली मजुरी, आठवड्याची सुट्टी आणि नोंदणीचा खर्च द्यावा, आणि हे सगळे देऊनही चियांग मायमध्ये परवडत नसेल, तर तिथे राहू नये.